निवडून यायची ताकद

जळगावच्या मंगल कार्यालयात सकाळपासून पक्षाच्या इच्छुक उमेदवारांच्या मुलाखती चालल्या होत्या. कासारबर्डीचा नंबर लागेपर्यंत जेवणवेळ टळून गेली. योगराज पाटील दाराला टेकून उभा होता, आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून येत होता. कासारबर्डीत तो पक्षाचा शहराध्यक्ष. पाइप आणि मोटारपंपाच्या सामानाचं त्याचं दुकान होतं, पण त्या दुकानापेक्षा पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात त्याचं आयुष्य जास्त गेलं होतं. पक्षाला गावात कुत्रंही विचारत नव्हतं, तेव्हापासून तो पक्षात होता.

नगरपरिषदेची निवडणूक कित्येक वर्षांनी लागली होती. मधली सगळी वर्षं प्रशासक बसलेला. आता नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता आणि पद बाईसाठी राखीव निघालं होतं. आरक्षणाची सोडत निघाली त्या दिवशीच योगराज घरी येऊन बायकोला म्हणाला होता, "रत्ना, आता आपल्याला डोकंच लावायचं नाही. नूतनताई आहे."

नूतन महाजन शेजारच्या खुर्चीवर पदर सावरून बसली होती. मागच्या नगरपरिषदेत पक्षाची सत्ता नव्हती, तरी तडजोडीत ती पाणीपुरवठ्याची सभापती झाली होती. तिच्या काळात गावाला तिसऱ्या दिवशी नळ यायचा. तिच्याआधी तसा कधी यायचा नाही आणि तिच्यानंतरही आला नाही. तिने जादू वगैरे काही केली नव्हती. मुख्य जलवाहिनीवरची चोरटी कनेक्शनं शोधून तोडली होती, एवढंच. त्यातलं सगळ्यात मोठं कनेक्शन होतं लीलाधर शेठच्या पेट्रोल पंपावरचं, जिथे दिवसभर ट्रक आणि ट्रॅक्टर धुतले जायचे. लीलाधर शेठ दोनदा नगराध्यक्ष झालेला माणूस, विरोधी पक्षाचा गावातला मालकच म्हणा ना. त्याच्या पंपावर जाऊन, तो खुर्चीत बसलेला असताना, ह्या बाईने कर्मचाऱ्यांकडून पाइप कापून घेतला होता. गावात ती गोष्ट लोक अजून चवीने सांगायचे.

"कासारबर्डी, नगराध्यक्ष!" आतून पुकारा झाला.

टेबलामागे जिल्हाध्यक्ष ज्ञानेश्वर दादा होते आणि त्यांच्या शेजारी वरून पाठवलेले निरीक्षक. निरीक्षक लांबच्या जिल्ह्यातले, चेहऱ्याने थकलेले. नूतनने पाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. जलशुद्धीकरण केंद्राची दुरुस्ती, नवी टाकी, कुठल्या भागात दाब का पडतो. निरीक्षक ऐकत होते, पण माणूस पाऊस थांबायची वाट बघत आडोशाला उभा राहतो, तसे.

"ते ठीक आहे ताई," शेवटी ते म्हणाले. "तुमची निवडून यायची ताकद काय?"

नूतन गोंधळली. "लोक ओळखतात मला. काम बघितलंय त्यांनी."

"लोक सगळ्यांनाच ओळखतात." त्यांनी योगराजकडे पाहिलं. "अध्यक्ष, ह्यांच्या मागे कोण आहे?"

"गाव आहे साहेब."

"गाव नाही हो. कोण आहे?"

योगराजला त्या प्रश्नाचा अर्थ पुरता कळत होता. पैसा आणि माणसं पुरवणारा कोणी नूतनच्या मागे नव्हता. ज्ञानेश्वर दादांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गावाला बोलावलं.

बाहेर आल्यावर नूतन म्हणाली, "भाऊ, पाण्याचं बोलले ते चुकलं का?"

"नाही, नाही. दादा बघतील सगळं. आपली माणसं आहेत," योगराज म्हणाला. परतीच्या वाटेवर एरंडोलला चहाला थांबले, तेव्हा त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आपण ते कोणाला सांगतोय, तिला की स्वतःला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

आठवडा गेला असेल. दादांचा फोन आला, धुळ्याच्या सभेला सगळे पदाधिकारी घेऊन या, मोठा पक्षप्रवेश आहे. कोणाचा ते सांगितलं नाही. योगराज दोन जीपगाड्या भरून पारोळ्यावरून धुळ्याला गेला. मैदान भरलेलं. नेत्यांची भाषणं झाली, आणि मग माइकवरून नाव पुकारलं गेलं. योगराजला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

लीलाधर शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मंचावर चढला. त्याच्या मागे त्याचे माजी नगरसेवक आणि पुतण्या किरण. सगळ्यांच्या शेवटी, डोक्यावरून पदर घेतलेली त्याची सून कामिनी.

"कासारबर्डीचे शहराध्यक्ष कुठे आहेत? या, या, वर या!" दादांनी हाक मारली.

योगराज वर गेला. कोणीतरी त्याच्या हातात पक्षाचं उपरणं दिलं. ज्या माणसाविरुद्ध उभ्या आयुष्यात त्याने भिंती रंगवल्या, पत्रकं वाटली, एकदा तर पोलीस ठाण्यात रात्र काढली, त्याच माणसाच्या गळ्यात त्याने ते उपरणं घातलं. लीलाधरने त्याला मिठी मारली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "योगराज, आता आपण एकाच घरचे." फोटो निघाले. फोटोत योगराज हसतोय. रत्नाने तो मोबाइलवर बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला.

नगराध्यक्षपदाची उमेदवारी कामिनीला मिळाली. योगराजने जळगावला धाव घेतली. दादांनी त्याला आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला.

"दादा, ती सून लग्न होऊन आली तेव्हापासून गावात चार माणसांना भेटलेली नाही. नूतनताईने काम केलंय. आणि त्या शेठच्या पंपावरचं कनेक्शन तिने तोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. तो माणूस आपल्याकडे कशासाठी आलाय, हेही तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," दादा शांतपणे म्हणाले. "पण तो आला म्हणजे त्याची सगळी मतं आली. विरोधी पक्ष संपला. तू गेली इतकी वर्षं लढतोस, किती वेळा नगरपरिषद आणून दिलीस?"

योगराजने मनात मोजलं. एकदाही नाही.

"आता ऐक. नूतनताईंनी अपक्ष अर्ज भरलाय. तो मागे घ्यायला लावायचा. तुझं ऐकेल ती. तिला सांग, स्वीकृत नगरसेवक म्हणून घेऊ. पाणीपुरवठा समितीवर घेऊ. माझा शब्द."

"शब्द नक्की ना, दादा?"

"तुला कधी खोटं बोललोय?"

नूतनचा नवरा शाळेत लिपिक. घर बेताचं, पण अंगण सारवलेलं आणि दारात तुळस. योगराज ओसरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"मला फक्त एक सांगा भाऊ. मी कुठे कमी पडले? म्हणजे पुढच्या वेळी तेवढं सुधारते."

योगराजने खाली बघितलं. कमी पडली असती तर त्याने सांगितलं असतं, बरंही वाटलं असतं सांगताना.

"तुम्ही कमी नाही पडलात. तसा हिशोबच नव्हता."

"मग अर्ज तसाच ठेवते, अपक्ष लढते. हरले तर हरले."

"हरलात तर पुढली पाच वर्षं तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. स्वीकृत म्हणून आत आलात, तर निदान पाण्याचं काम तुमच्या हातात राहील. मी शब्द देतो."

तिने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. "तुम्ही देताय ना? पक्ष नाही, तुम्ही?"

"मी."

दुसऱ्या दिवशी तिने माघार घेतली.

प्रचारात योगराज कामिनीच्या पुढे पुढे चालला. घरोघर हात जोडले. कामिनी पाठ केलेली दोन वाक्यं बोलायची आणि सासऱ्याच्या गाडीकडे बघायची. वरच्या आळीत तोताराम आबा खाटेवर बसलेले असायचे. पक्षाचा गावातला पहिला झेंडा त्यांनी लावला होता. मिरवणूक थांबली तेव्हा त्यांनी योगराजला जवळ बोलावलं.

"योगराज, झेंडा बरोबर शे रे. पन तिकीट तुम्ही देतस, मत आम्हले मांगतस. मानूस कोनता पाहिजे, हाई आम्हले कोनी इचारस का?"

"आबा, पक्षाचा निर्णय आहे."

"पक्ष म्हंजे कोन रे? मी पक्षमा नई का?"

योगराजने त्यांच्या पाया पडून मिरवणूक पुढे नेली. ढोल जोरात वाजत होते, ते बरंच झालं.

कामिनी मोठ्या मताधिक्याने निवडून आली. नगरपरिषदेवर पहिल्यांदाच पक्षाचा झेंडा लागला. गुलालात माखलेला योगराज त्या दिवशी खरोखर रडला, आणि ते अश्रू आनंदाचेच होते. खोटं कशाला सांगायचं?

स्वीकृत नगरसेवकांची नावं जाहीर झाली, तेव्हा नूतनचं नाव नव्हतं. किरणचं होतं. योगराजने दादांना फोन लावला. दादा बैठकीत होते. नंतर प्रवासात होते. चौथ्या दिवशी फोन लागला, तेव्हा म्हणाले, "अरे, शेठने हट्टच धरला. पुढच्या वेळी नक्की बघू."

नूतनच्या घरी जायची योगराजची हिंमत झाली नाही. ती बाजारात समोरून येताना दिसली की तो दुकानात आत जाऊन उगाच पाइप मोजायचा. एकदा तीच दुकानात आली, नळाची तोटी घेतली, आणि जाताना एवढंच म्हणाली, "घरी येत जा भाऊ. चहाला." त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारभार सुरू झाला, पण नगरपरिषदेत नाही, पेट्रोल पंपावर. ठेकेदार पंपावर, अर्ज पंपावर, अभियंताही पंपावर. सह्यांसाठी फाइल तेवढी कामिनीकडे जायची. उन्हाळा लागला तसा नळ आठव्या दिवशी, मग दहाव्या दिवशी येऊ लागला. पाण्याची समिती किरणकडे होती आणि किरण बहुतेक वेळ नाशिकला. जलशुद्धीकरण केंद्रातली मोटार जळाली, तर नवी कोणाच्या ओळखीच्या दुकानातून घ्यायची, यावर पंधरवडा गेला. आणि पंपावरच्या धुलाई केंद्रात, पुन्हा जोडून घेतलेल्या चोरट्या कनेक्शनवर, सकाळपासून पाण्याचे फवारे उडत होते.

लोक योगराजच्या दुकानात यायचे. आता सत्ता त्याच्या पक्षाची होती. "तुमचं सरकार आहे ना अध्यक्ष? मग?" ह्या 'मग'वर तो तक्रार वहीत लिहून घ्यायचा. ज्यांच्या घरात पंचवीस वर्षं तो मतं मागत फिरला, त्या घरांतल्या बायका हंडा काखेत घेऊन त्याच्याकडे अशा बघायच्या, की जणू नळाची चावी त्यानेच खिशात घालून ठेवलीय.

शेवटी तो कामिनीला भेटायला गेला. लीलाधर शेठ जळगावला गेलेला आहे, हे बघून गेला. ती बैठकीच्या खोलीत आली आणि पाणी विचारून समोर बसली.

"ताई, नगराध्यक्ष तुम्ही आहात. मुख्याधिकाऱ्यांना एक लेखी आदेश द्या. पंपावरचं कनेक्शन बेकायदा आहे, ते तोडा म्हणून. वरच्या आळीला निदान प्यायला पाणी चढेल."

कामिनी पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "काका, मला कोणी विचारलंच नव्हतं. मामंजी एक दिवस म्हणाले, चल, धुळ्याला सभेला जायचंय. मी साडी नेसले आणि गेले. माझं माहेर साक्रीकडचं. आम्ही पाण्याला लांब जायचो. तुम्हाला वाटतं, मला कळत नाही?"

"मग सही करा."

"करीन." तिने दाराकडे पाहिलं. "आणि संध्याकाळी जेवायला कुठे बसू, ते पण सांगा."

योगराज उठला. तिचा राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण राग आला नाही. त्यामुळे तो आणखीच चिडला. कोणावर, ते ठरवता येईना.

त्याच आठवड्यात नूतनने बायका गोळा केल्या. तिने कोणाला बोलावलं नव्हतं फारसं. ती रिकामा हंडा घेऊन निघाली आणि मागे बायका निघत गेल्या. नगरपरिषदेवर न जाता मोर्चा सरळ पेट्रोल पंपावर गेला. दुकानासमोरून तो जात असताना योगराज गल्ल्यावर बसला होता. नूतनने त्याच्याकडे बघितलंही नाही. रत्ना आतून हंडा घेऊन बाहेर आली, पायरी उतरली आणि मोर्चात शिरली.

योगराजने शटर ओढलं आणि मागोमाग गेला.

पंपावर बायका धुलाई केंद्रासमोर बसल्या. लीलाधर शेठ बाहेर आला. त्याला गर्दीत योगराज दिसला, तसा त्याचा आवाज चढला. "अध्यक्ष, हे काय? आपल्याच नगरपरिषदेविरुद्ध मोर्चा? समजवा ह्यांना!"

सगळ्या बायकांनी वळून योगराजकडे पाहिलं. समजवायची सवय त्याला होती. आजवर तेच तर केलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून आलं ते वेगळंच.

"शेठ, मी नूतनताईंना एकदा समजावलंय. आता तुम्ही पाइप काढा."

पोलीस आले, मुख्याधिकारी आले, पत्रकार आले. एवढ्या डोळ्यांसमोर मुख्याधिकाऱ्यांना दुसरा मार्गच उरला नाही. संध्याकाळच्या आत कनेक्शन तुटलं. तीन दिवसांनी वरच्या आळीत नळाला धार आली. तोताराम आबांनी खाटेवरून हाक मारून योगराजला चहा पाजला.

आणि जळगावहून कारणे दाखवा नोटीस आली.

सुनावणीला तेच निरीक्षक होते. दादा आलेच नाहीत. निरीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पक्षविरोधी काम केलंत, अध्यक्ष."

"साहेब, गावात लोक मला पक्ष म्हणूनच ओळखतात. त्यांच्या नळाला पाणी नसेल, तर पक्षाची शोभा आहे का? तुम्ही उमेदवार निवडताना विचारलंत, निवडून यायची ताकद काय. बरोबर आहे, निवडून यायलाच पाहिजे. पण निवडून आल्यावर काम करायची ताकद काय, हे एकदा तरी कोणाला विचारलंत का? दिवसभरात एकाला तरी?"

निरीक्षकांनी समोरची फाइल मिटली. "नाही," ते म्हणाले. "मलाही कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तालुक्यात मी तीनदा मुलाखत दिली. तीनदा दुसऱ्याला मिळालं. मग मला निरीक्षक केलं." ते हसले, पण ते हसू त्यांना जमलं नाही. "तुम्ही बोललात ते खरं आहे. मी वर तसं कळवणार नाही. कळवून उपयोग नाही."

पंधरा दिवसांत किरण शहराध्यक्ष झाला. त्याच्या अभिनंदनाचे फलक चौकात लागले. मोर्चाची बातमी शिळी झाली. महिन्याभरात पंपावर पुन्हा ट्रक धुतले जाऊ लागले. या वेळी पाइप जमिनीखालून नेला होता, एवढाच फरक.

योगराजने पक्ष सोडला नाही. दुसऱ्या पक्षाचं बोलावणं आलं होतं. तो गेला नाही. तिथेही कोणीतरी टेबलामागे बसलेलं असणार आणि तोच प्रश्न विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. रत्ना म्हणाली, "मग आता काय करणार?" त्याने एके संध्याकाळी नूतनच्या घरी जाऊन तोच प्रश्न तिला विचारला.

"सभेला जाऊन बसू," ती म्हणाली. "नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला. बोलता येणार नाही, पण बसता येतं. निदान त्यांना दिसू तरी."

पहिल्या सभेला ते दोघं मागच्या खुर्च्यांवर बसले, तेव्हा शिपायाने येऊन विचारलं, काय काम आहे. "ऐकायचं काम आहे," नूतन म्हणाली. नगरसेवक एकमेकांकडे बघून हसले. विषयपत्रिकेवरचे सगळे विषय वाचायच्या आत मंजूर झाले आणि सगळे चहाला गेले. दुसऱ्या सभेत हसू कमी होतं. पाण्याचा विषय मात्र पुढच्या सभेवर ढकलला गेला.

पुढच्या सभेला ते वेळेआधी गेले. त्या दिवशी पाणीपुरवठ्याचा विषय पहिला होता. कामिनी येऊन अध्यक्षांच्या खुर्चीवर बसली. मुख्याधिकारी आले. नगरसेवक मात्र चारच आले. बाकीच्या, शेठच्या माणसांच्या, खुर्च्या रिकाम्या. अर्धा तास वाट पाहून मुख्याधिकाऱ्यांनी जाहीर केलं, गणपूर्ती नाही, सभा तहकूब.

चारही नगरसेवक लगेच उठून गेले. कामिनी जाता जाता मागच्या खुर्च्यांपाशी क्षणभर थांबली. काहीतरी म्हणावं असं तिच्या मनात होतं बहुतेक. खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि ती निघून गेली.

शिपायाने एकेक करून पंखे बंद केले. उकाडा एकदम अंगावर आला.

"चला भाऊ," नूतन म्हणाली.

"थांबा जरा."

"आता कशाला? कोणीच नाही."

ते त्यालाही दिसत होतं. तरी त्याला उठवेना. तो रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांकडे बघत बसून राहिला आणि शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला.